संगणकीय आरेखनांचे आदानप्रदान : आकार, आशय आणि करार

यंत्राचा एखादा भाग कागदावर रेखाटला जात असे त्या काळी ते आरेखन ज्याच्या हाती पडेल त्याला, तो त्या विद्येत मुरलेला असल्यास, बिनचूक वाचता येत असे. एलेव्हेशन, प्लॅन, छेद, मापे आणि मापांत चालू शकणारा फरक एवढ्या ठरीव संकेतांवर तो सारा व्यवहार चाले, आणि ट्रेसिंगवरून काढलेली अमोनिया प्रिंट मुंबईहून कोल्हापूरच्या फाउंड्रीत पाठवली काय किंवा जमशेदपूरला पाठवली काय, तिच्या अर्थात तिळमात्र फरक पडत नसे. आयव्हन सदरलँड यांनी १९६३ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये ‘स्केचपॅड’ ही प्रणाली सिद्ध करून आरेखनाचे काम संगणकाच्या पडद्यावर आणले, आणि त्यानंतरच्या दोन दशकांत मोटारी, विमाने, जहाजे व इमारती यांचे कारखानदार एकामागून एक त्या मार्गाला लागले; परंतु या स्थित्यंतराबरोबरच ती जुनी निश्चिंती मात्र संपुष्टात आली. प्रत्येक सॉफ्टवेअर आपले दप्तर आपल्याच रीतीने लिहू लागले, आणि एकाने लिहिलेला दस्तऐवज दुसऱ्याला एक तर उघडेना, किंवा उघडला तरी त्यातील मजकूर पुरता उतरेना. हा प्रश्न सोडवण्यासाठी गेली साडेचार दशके जे प्रयत्न झाले त्यांचा विचार करताना माझे मत असे बनले आहे की, फायलींच्या रूपांतराचा प्रश्न म्हणून ज्याची आपण बोळवण करतो तो मुळात देणारा आणि घेणारा यांच्यातील कराराचा व रुजवातीचा प्रश्न आहे. आणि जेथे या दोन गोष्टींची तजवीज आगाऊ झालेली नव्हती तेथे उत्तमोत्तम रूपांतरकारांनीही दगा दिलेला आहे.

तथापि अडचण किती खोल आहे हे समजण्यासाठी प्रथम या सॉफ्टवेअरच्या अंतरंगात डोकावले पाहिजे. घन वस्तूच्या भूमितीचे गणित करणारा जो गाभा प्रत्येक प्रणालीत असतो त्याला या व्यवसायात कर्नल म्हणतात. केंब्रिज विद्यापीठात इयन ब्रेड यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी ‘बिल्ड’ नावाची जी प्रणाली रचली, तिच्या भोवतीच्या मंडळींतून पुढे शेप डेटा ही कंपनी निघाली, तिने रोम्युलस आणि मागाहून पॅरासॉलिड हे गाभे निर्माण केले. आणि ब्रेड, अ‍ॅलन ग्रेअर व चार्ल्स लँग यांनीच नंतर वेगळी चूल मांडून जो गाभा घडवला तो एसिस या नावाने १९८९ साली बाजारात आला. एकाच गावात, जवळजवळ एकाच विचारपरंपरेत जन्मलेले हे दोन गाभे. पण एकाची फाइल दुसऱ्याला थेट वाचता येत नाही. मग फ्रान्समधील दासोची कॅटिया किंवा अमेरिकेतील प्रो-इंजिनिअर यांसारख्या, सर्वस्वी स्वतंत्र गाभ्यांवर उभ्या असलेल्या प्रणालींची कथा काय सांगावी!

याचे कारण केवळ व्यापारी अढी एवढेच असते तर तो प्रश्न कायद्याने किंवा बाजाराच्या रेट्याने केव्हाच सुटला असता. खरे कारण गणितात आहे. घन वस्तूची नोंद तिच्या पृष्ठांनी, त्या पृष्ठांच्या सीमारेषांनी आणि सीमारेषांच्या टोकांच्या बिंदूंनी केली जाते, आणि दोन वक्र पृष्ठे जेथे एकमेकांना छेदतात तेथे सीमारेषा निर्माण होते. परंतु ही छेदरेषा नेमकी लिहून ठेवणे सामान्यतः शक्य नसते. मोटारीच्या पत्र्यासाठी नित्य वापरली जाणारी, दोन्ही दिशांनी तृतीय घाताची अशी दोन पृष्ठे घेतली तर त्यांच्या छेदरेषेचा घात ३२४ पर्यंत जाऊ शकतो, हे गणितज्ञांनी दाखवून दिलेले आहे. असली रेषा कोणतीही प्रणाली यथातथ्य साठवीत नाही. ती जवळपासची सोपी रेषा साठवते, आणि ‘एवढ्या फरकाला मी शून्य मानीन’ असा स्वतःपुरता नियम करून पुढे जाते. हा नियम प्रत्येक घरचा निराळा. पॅरासॉलिड मिलिमीटरच्या लाखाव्या भागापर्यंत काटेकोर राहते, तर कॅटिया हजाराव्या भागाशी समाधान मानते. सबब कॅटियात जी कड पूर्ण जुळलेली असते तीच कड पॅरासॉलिडच्या नजरेला फटीसारखी दिसते, पृष्ठे एकमेकांपासून सुटी पडतात, आणि घन म्हणून पाठवलेली वस्तू पलीकडे पोकळ पत्र्यांच्या गठ्ठ्याच्या स्वरूपात पोहोचते. भोसरी-चाकणच्या टूलरूममध्ये ‘सरफेस ओपन आलेत’ अशी जी तक्रार ऐकू येते तिचे मूळ बहुधा पाठवणाऱ्याच्या हलगर्जीपणात नसून या दोन शून्यांमधील अंतरात असते.

या परिस्थितीतून मार्ग काढण्याच्या दोन वाटा प्रारंभापासून दिसत होत्या. एक म्हणजे प्रत्येक दोन प्रणालींमध्ये स्वतंत्र रूपांतरकार बसवणे. परंतु दहा प्रणाली असतील तर असे नव्वद रूपांतरकार लागतात, आणि दहांपैकी एकीची नवी आवृत्ती निघाली की त्यातील अठरा पुन्हा दुरुस्त करावे लागतात. दुसरी वाट म्हणजे सर्वांनी मान्य केलेले एक तटस्थ स्वरूप ठरवणे, म्हणजे प्रत्येक प्रणालीला त्या स्वरूपात लिहिणारा एक आणि त्यातून वाचणारा एक असे दोनच, एकूण वीस, रूपांतरकार पुरतात. हा हिशेब इतका उघड होता की १९७९ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या आणि नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सच्या पुढाकाराने, बोइंग व जनरल इलेक्ट्रिक या कंपन्यांनी आपापल्या अनुभवाची शिदोरी पुरवल्यामुळे, अल्पावधीत एक मसुदा तयार झाला. १९८० साली तो प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी त्याला अमेरिकन राष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. हेच ते आयजेस, ज्याच्या फायलींना आपल्या वर्कशॉपांतून आजही ‘आयजीएस’ म्हणतात.

आयजेसची फाइल साध्या मजकूर-संपादकात उघडून पाहावी. तीत त्या काळाचा ठसा स्पष्ट दिसतो. प्रत्येक ओळ नेमक्या ऐंशी अक्षरांची, कारण ती छिद्रपत्रांच्या मापाने कापलेली. त्र्याहत्तराव्या स्थानी त्या ओळीचा विभाग सांगणारे एक अक्षर. रेषेसाठी ११०, वर्तुळखंडासाठी १००, मुक्त वक्र पृष्ठासाठी १२८ असे क्रमांक. रचना ओबडधोबड असली तरी ती प्रामाणिक होती, आणि तिने जगातील कारखानदारीची मोठी सेवा केली यात मला शंका वाटत नाही. दोष होता तो औदार्याचा: एकच पृष्ठ तीन-चार निरनिराळ्या क्रमांकांखाली लिहिण्याची मुभा तिने दिली, त्यामुळे ज्या कंपनीला जे सोयीचे तेवढेच तिने स्वीकारले, आणि दोन प्रणाली ‘आम्ही आयजेस मानतो’ असे खरेपणाने सांगत असूनही एकमेकींची फाइल वाचू शकत नसत. शिवाय आयजेस प्रारंभी रेषांचे व पृष्ठांचे होते. संपूर्ण घन वस्तू तिच्या पृष्ठांच्या परस्परसंबंधांसह नोंदण्याची सोय त्यात मागाहून आली, आणि ती येईपर्यंत वापरणाऱ्यांच्या सवयी पक्क्या झाल्या होत्या. जर्मनीच्या मोटार उद्योगाने व्हीडीए-एफएस आणि फ्रान्सच्या विमान उद्योगाने सेट असे स्वतःचे पर्याय काढले, ते याच असमाधानातून.

सपाट आरेखनांच्या क्षेत्रात मात्र सत्ता निराळ्याच हाती गेली. ऑटोडेस्क कंपनीने १९८२ च्या अखेरीस ऑटोकॅड बाजारात आणले, आणि त्याबरोबरच डीएक्सएफ हे मजकूररूप स्वरूप इतरांना वाचता यावे म्हणून प्रसिद्ध केले. तिची मूळ फाइल जी डीडब्ल्यूजी, तिचा तपशील मात्र कधीच जाहीर केला नाही. स्वस्त संगणकांवर चालणाऱ्या त्या सॉफ्टवेअरचा प्रसार इतका झाला की वास्तुविशारदांपासून पत्र्याचे कटिंग करणाऱ्यांपर्यंत सर्वांचा व्यवहार या फायलींवर येऊन ठेपला, आणि जी फाइल केवळ एका कंपनीची खाजगी वही होती ती बाजाराच्या वहिवाटीने अर्ध्या जगाचे दप्तर बनली. १९९८ साली प्रतिस्पर्धी कंपन्यांनी ओपन डीडब्ल्यूजी अलायन्स स्थापून फायलींच्या बारकाईने केलेल्या निरीक्षणातून ते गुपित उलगडले. हा वाद २००६ मध्ये न्यायालयापर्यंत पोहोचला आणि दुसऱ्या वर्षी तडजोडीने मिटला. येथे मला कोणाचा पक्ष घ्यायचा नाही. पण जो नकाशा मी काढला, ज्याच्यावर माझी सही आहे आणि ज्याच्या चुकीबद्दल जाब मला द्यावा लागतो, तो उघडण्याची किल्ली तिसऱ्याच पक्षाच्या खिशात असावी ही व्यवस्था न्याय्य आहे असे मला मुळीच वाटत नाही.

डीएक्सएफची एक गोष्ट मात्र आपल्या विषयाच्या गाभ्याशी भिडते. त्या फाइलीत रेषा ही केवळ रेषा असते. ती भिंतीची की गटाराची, कापायची की नुसती खूण करायची, हे ती कोणत्या लेयरवर आहे यावरून ठरते, आणि लेयरला काय नाव द्यावे हे कोणतेही मानक सांगत नाही, तर माणसे आपसांत ठरवतात. पुणे महानगरपालिकेत बांधकाम नकाशांच्या छाननीसाठी पुण्यातच घडवलेली ऑटोडीसीआर ही प्रणाली आली, तेव्हा वास्तुविशारदांना मार्जिन, जिना, पार्किंग यांच्या रेषा विहित नावांच्या लेयरवर काढणे भाग पडले. त्या शिस्तीविरुद्ध कुरकुर झाली असली तरी संगणकाला नकाशातील अर्थ कळावा म्हणून अर्थ आधी ठरवावा लागतो, हे त्या व्यवस्थेने अनेकांना प्रथमच शिकवले. त्याच नकाशांतील जुन्या मराठी फाँटांत लिहिलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर अर्थहीन चिन्हांच्या ओळी होऊन उमटतो हा अनुभवही त्याच जातीचा आहे: अक्षरांच्या संकेतांक-पद्धतीबद्दल करार नव्हता, म्हणून आकार पोहोचला आणि मजकूर हरवला. मापनाच्या एककाचीही तीच गत. डीएक्सएफमध्ये एकक नोंदवण्याची सोय असली तरी ती पाळली जातेच असे नाही, आणि १९८७ साली थ्रीडी सिस्टिम्स कंपनीने त्रिमितीय मुद्रणासाठी काढलेल्या एसटीएल स्वरूपात तर एककाला जागाच नाही. तीत नुसत्या त्रिकोणांचे बिंदू असतात, आणि ते इंच की मिलिमीटर हे ज्याने विचारले नाही त्याचा जॉब २५.४ पटींनी चुकतो.

आयजेसच्या उणिवांतून धडा घेऊन १९८४ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने जो प्रकल्प हाती घेतला तो या साऱ्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाकांक्षी म्हटला पाहिजे. स्टेप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आयएसओ १०३०३ या मानकाचे पहिले भाग प्रसिद्ध व्हायला १९९४ साल उजाडले. दहा वर्षांच्या या कालावधीबद्दल पुष्कळांनी नाके मुरडली, परंतु मानक रचणाऱ्या मंडळींनी जो मूलभूत निर्णय घेतला त्याला तेवढा अवधी लागणे स्वाभाविक होते. त्यांनी फाइलीत अक्षरे कशी मांडावीत हा प्रश्न दुय्यम मानला, आणि बिंदू म्हणजे काय, पृष्ठ म्हणजे काय, त्यांचा परस्परांशी संबंध कोणता, एका भागाची सुधारित आवृत्ती कशाला म्हणावे, याच्या व्याख्या प्रथम केल्या. या व्याख्या लिहिण्यासाठी ‘एक्सप्रेस’ नावाची स्वतंत्र औपचारिक भाषा निर्माण केली, आणि मग त्या व्याख्यांवरून फाइलीचे स्वरूप आपोआप निष्पन्न होऊ दिले. निरनिराळ्या उद्योगांसाठी निरनिराळ्या संहिता झाल्या: विमान उद्योगाकडे झुकणारी एपी २०३, मोटार उद्योगाची एपी २१४. पहिल्या २०३ मध्ये रंगाचीही नोंद नव्हती, ती २१४ मध्ये होती. या दोहोंचा संगम करून २०१४ साली एपी २४२ आली, आणि तिने मापांतील सूट, पृष्ठाची प्रत इत्यादी तपशील त्रिमितीय आकारालाच जोडून, संगणकाला समजेल अशा रीतीने पाठवण्याचा मार्ग मोकळा केला. इमारतींच्या क्षेत्रात ‘एक्सप्रेस’चाच आधार घेऊन आयएफसी हे स्वरूप विकसित झाले व २०१३ साली त्यालाही आंतरराष्ट्रीय मानकाचा पूर्ण दर्जा मिळाला, त्याचा विचार स्वतंत्र लेखाचा विषय होईल.

स्टेपमुळे आकाराचे आदानप्रदान पुष्कळ अंशी विश्वसनीय झाले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु १९८८ साली प्रो-इंजिनिअरने जी क्रांती केली तिच्यामुळे आकार हाच आरेखनाचा संपूर्ण आशय राहिला नव्हता. आधी हे चित्र काढले, मग ते इतके मिलिमीटर उंच केले, मग कडेपासून अमुक अंतरावर छिद्र पाडले, त्या छिद्राच्या सहा प्रती वर्तुळात बसवल्या, आणि पत्र्याची जाडी बदलली तर छिद्राची खोलीही बदलावी असा संबंध घातला: अशा क्रमवार नोंदींतून आकार निष्पन्न होतो, आणि आरेखकाचे खरे कौशल्य, त्याचा संकल्प, त्या नोंदींत असतो. स्टेपमधून पलीकडे जाते ते केवळ अंतिम फलित. हिशेबाच्या वहीतील अखेरची शिल्लक उतरवून घ्यावी आणि जमाखर्चाच्या नोंदी मागेच राहाव्यात तशी ही स्थिती असते. छिद्र हे छिद्र राहत नाही, ते एक दंडगोल पृष्ठ होते. सहा छिद्रांचे परस्परनाते तुटते. एकाच पॅरासॉलिड गाभ्यावर चालणाऱ्या सॉलिडवर्क्स, सॉलिड एज आणि एनएक्स या प्रणालींमध्ये आकार कणभरही न बदलता जातो, तरीही हा इतिहास जात नाही, यावरून दोष भूमितीचा नसून रचनापद्धतीचा आहे हे उघड होते: एका प्रणालीतील गोलाईचा हुकूम दुसऱ्या प्रणालीतील त्याच नावाच्या हुकुमाहून कठीण कोपऱ्यात वेगळे उत्तर देतो.

यावर एक चतुर उपाय निघाला तो असा की, निष्प्राण होऊन आलेल्या आकाराकडे पाहून त्यातील छिद्रे, खाचा, फासळ्या यांचा संगणकानेच शोध घ्यावा. या विद्येत महाराष्ट्राचा वाटा आहे, आणि तो आपल्याकडे फारसा ठाऊक नाही याचे मला वाईट वाटते: गोदरेज समूहातून निघालेल्या जिओमेट्रिक कंपनीने असे वैशिष्ट्यशोधन करणारे सॉफ्टवेअर घडवून जगातील नामांकित कॅड प्रणालींना पुरवले, आणि २००२ साली दासो सिस्टिम्सशी भागीदारी करून उभारलेल्या थ्रीडी पीएलएम या कंपनीमार्फत पुण्यातील अभियंते खुद्द कॅटिया व सॉलिडवर्क्स यांच्या उभारणीत सहभागी झाले. तरीही अशा शोधातून जो इतिहास मिळतो तो संभाव्य इतिहास असतो. मूळ आरेखकाने ते छिद्र कोणत्या कडेपासून मोजले होते हे पृष्ठांवरून कोणालाही सांगता येणार नाही. आणि हेही विसरता कामा नये की अनेक कारखानदार पुरवठादाराला स्टेप फाइल देतात ती इतिहास मागे राहावा याच हेतूने, कारण आपले ज्ञान त्यांना द्यायचे नसते. तो त्यांचा हक्क आहे. पण मग पुरवठादाराकडून बदलांची तीच चपळाई अपेक्षिणे अन्यायाचे होय.

या विषयातील सर्वांत बोधप्रद प्रकरण एअरबसच्या ए-३८० विमानाचे. त्या विमानात पाचशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या विद्युत तारा आहेत. त्यांतील पुष्कळशा हॅम्बुर्ग येथे धडाच्या पुढील व मागील भागांत बसवून ते भाग तुलूजला जोडणीसाठी पाठवले जात. जर्मनी व स्पेन येथील कचेऱ्या कॅटियाच्या चौथ्या आवृत्तीवर काम करीत होत्या, तर फ्रान्स व ब्रिटन येथील पाचव्या. आणि पाचवी आवृत्ती ही चौथीची सुधारणा नसून मुळापासून नव्याने लिहिलेली प्रणाली होती. धडाच्या रचनेतील फेरफार तारांच्या आरेखनापर्यंत वेळेवर व बिनचूक पोहोचले नाहीत, त्यातच अ‍ॅल्युमिनिअमच्या तारांना तांब्याच्या तारांहून निराळे वळण लागते, आणि परिणामी तुलूजला पोहोचलेल्या तारा ठरल्या जागी पुरेनात. जून २००६ मध्ये विलंबाची घोषणा होताच मूळ कंपनी ईएडीएसच्या शेअरचा भाव एका दिवसात चतुर्थांशाहून अधिक कोसळला. ऑक्टोबरमध्ये मुदत आणखी वाढली, वरिष्ठ अधिकारी पायउतार झाले, नुकसानीचा अंदाज अब्जावधी युरोंवर गेला, आणि पहिले विमान सिंगापूर एअरलाइन्सच्या हाती ऑक्टोबर २००७ मध्ये पडले. या सर्वाचा दोष एका सॉफ्टवेअरच्या माथी मारणे सोपे आहे, पण ते खरे नाही. दोन आवृत्त्या एकत्र नांदवता आल्या असत्या; त्यासाठी कोणती फाइल प्रमाण मानावी, फेरफार किती दिवसांत पोहोचावा, आणि पोहोचलेला फेरफार पलीकडे जसाच्या तसा उतरला याचा दाखला कोणी द्यावा, हे लिहून ठेवायला हवे होते. चार देशांच्या अभिमानांत ते राहून गेले.

अशा ठळक प्रकरणांच्या आड रोजची झीज लपून राहते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेसाठी १९९९ साली झालेल्या पाहणीत एकट्या मोटार उद्योगाच्या पुरवठा साखळीला या विसंवादामुळे दरसाल निदान एक अब्ज डॉलरची तोशीस पडते असे आढळले, आणि त्यातील मोठा हिस्सा निकामी ठरलेल्या फायली दुरुस्त करण्यात किंवा तोच भाग पुन्हा रेखाटण्यात जात होता. २००४ सालच्या, मोठ्या इमारती व औद्योगिक वास्तूंविषयीच्या पाहणीत हा आकडा १५.८ अब्ज डॉलर निघाला व त्याचा सुमारे दोन-तृतीयांश भार वास्तूंच्या मालकांवर व चालकांवर पडतो असे दिसले. आपल्याकडील लहान कारखानदार हा खर्च वेगळा मांडतही नाही. रात्रपाळीला बसलेला मुलगा फटी बुजवीत राहतो, आणि त्याचे तास कोणत्याच बिलात चढत नाहीत.

यावर जो उपाय मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो रुजवातीचा. स्टेपच्या फाइलीतच पाठवणाऱ्या प्रणालीने मोजलेले घनफळ, पृष्ठफळ आणि गुरुत्वमध्य यांची नोंद करता येते. घेणाऱ्या प्रणालीने आकार उभारल्यावर हीच मूल्ये स्वतः मोजावीत, ताडून पाहावीत, आणि ठरलेल्या मर्यादेबाहेर फरक आढळल्यास फाइल परत करावी. सॉफ्टवेअर कंपन्यांनी एकत्र येऊन परस्परांच्या फायली तपासण्याचा जो उपक्रम कॅक्स इम्प्लिमेंटर फोरम या नावाने वर्षानुवर्षे चालवला आहे, त्याने ही पद्धत रूढ केली. तिला खर्च जवळजवळ शून्य येतो; खरेदीच्या ऑर्डरमध्ये एक कलम वाढवायचे, आणि फाइल उघडल्यावर पाच मिनिटे द्यायची. जगन्मान्य प्रणालींचे परवाने लाखो रुपये मोजून घेणारे आपले कारखाने हे कलम का घालत नाहीत याचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही.

विमान उद्योगाने तर हीच पद्धत दीर्घकालीन संग्रहासाठीही स्वीकारली आहे. पहिले बोइंग ७४७ १९६९ साली उडाले आणि शेवटचे २०२३ च्या जानेवारीत ग्राहकाच्या हवाली झाले; त्याची मूळ आरेखने कागदावर होती, म्हणून ती वाचण्याची पंचाईत कधी पडली नाही. १९९० च्या दशकात संपूर्णपणे संगणकावर आरेखित झालेल्या ७७७ विमानाचे भाग मात्र ते उडत राहील तोवर, म्हणजे आणखी कित्येक दशके, कोणाला तरी वाचावे लागतील, आणि तोवर आजची एकही प्रणाली आजच्या रूपात उरलेली नसेल. म्हणून लोटार या प्रकल्पातून सिद्ध झालेल्या ईएन ९३०० या मानकमालेने संग्रहात स्टेप स्वरूप ठेवावे, त्यासोबत वरील मूल्यांची नोंद ठेवावी, आणि काढून वाचताना ती पुन्हा ताडावी असा दंडक घातला आहे. रचनेचा क्रमवार इतिहास साठवण्याची सोय त्यात अजून नाही. त्यासाठी लागणारे आयएसओ १०३०३ चे ५५ व १०८ हे भाग २००५ सालीच प्रसिद्ध झाले, परंतु ज्या कंपन्यांनी ते अमलात आणायचे त्यांना आपला ग्राहक दुसरीकडे जाऊ शकेल अशी वाट बांधण्यात स्वारस्य नाही, आणि ज्या मोठ्या ग्राहकांच्या आग्रहापुढे त्या नमल्या असत्या त्यांनी तो आग्रह अद्याप धरलेला नाही.